पिवळी पूड

परवा दवाखान्यात आयडोफॉर्मचा, जखमेवर लावायच्या त्या पिवळ्या पुडीचा, वास आला आणि मालवणची ती खोली आठवली. तिथं मी शाळेत नवा विज्ञानशिक्षक, एकटा राहायचो. दारूत आयोडाइड आणि धुण्याचा सोडा घालून वीज सोडली की आयडोफॉर्म होतं, असं वाचलं होतं. दारूबंदी होती, म्हणून खाडीपलीकडच्या म्हातारीकडून चोरून बाटली आणली. गावात नुकत्याच आलेल्या, सारखी दिशा पालटणाऱ्या विजेनं काहीच झालं नाही. मग रेडिओची बॅटरी लावली. तिची वीज एकाच दिशेनं वाहते. पेल्याच्या तळाशी पिवळी पूड साचली. दाखवायला कोणीच नव्हतं. पुडी बांधून, रिकामी बाटली घेऊन म्हातारीकडे गेलो. रिकामी बाटली पाहून ती म्हणाली, "मास्तरानू, असा एकट्यान पिऊचा न्हय. जेवलात काय?" वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. पुडी खिशातच ठेवून, पुन्हा यायला निमित्त म्हणून, मी आणखी एक बाटली मागितली.