चिमट्यातला मोदक

आई सिडनीला आली ती सुनेच्या बाळंतपणासाठी, तीन महिन्यांकरता. मग सीमा बंद झाल्या, विमानं थांबली आणि तिचा मुक्काम लांबत गेला. पेंडल हिलच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिची तक्रार एकच होती, की इथं बोलायला माणूस नाही.

आमची मराठी मंडळी दर संकष्टीला वेंटवर्थव्हिलला एक हॉल भाड्याने घेऊन आरतीला जमायची. आली त्याच महिन्यात आई एकदा तिथे गेली होती आणि चार बायकांशी तिची ओळखही झाली होती. लॉकडाऊनमध्ये आरती स्क्रीनवर व्हायला लागली. आई फोनसमोर हात जोडून बसायची, पण नंतर म्हणायची, "टीव्हीतल्या जेवणानं पोट भरतं का?" त्यामुळे हॉल पुन्हा सुरू होणार हे कळल्यावर तिने दोन दिवस आधीच लुगडं काढून ठेवलं.

हे सगळं चालवायचे ते दादा, मंडळात सगळे त्यांना दादाच म्हणत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी शिकायला आलो तेव्हा ते मला विमानतळावर घ्यायला आले होते. सुरुवातीला त्यांच्याच घरी राहिलो आणि पहिल्या नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शाळेतले गुरुजी, शिष्यवृत्ती आणि दादांसारखी माणसं नसती तर मी इथवर आलो नसतो, हे मी आजही मानतो. वडील तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर चपला शिवायचे. दादांनी ते कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळत नाही.

हॉलमध्ये नियम बरेच होते. दारात नाव नोंदवायला क्यूआर कोड, जमिनीवर अंतराच्या पिवळ्या पट्ट्या, तोंडाला मास्क. गाण्याला बंदी, म्हणून आरती स्पीकरवर आणि आपण नुसत्या टाळ्या वाजवायच्या. प्रसादाची पद्धत दादांनी स्वतः बसवली होती. हातमोजे घालायचे, मोदकाची कागदी पिशवी चिमट्याने उचलायची आणि समोरच्याच्या ओंजळीत वरून सोडायची. हाताला चिमटा लागता कामा नये. पहिल्या महिन्यात ही ड्यूटी माझ्याकडे होती.

रांगेत आई आली. तिने ओंजळ पुढे केली, वर धरलेला चिमटा पाहिला आणि हात मागे घेतले. मला म्हणजे मलाच, आपल्या मुलाला, नमस्कार केल्यासारखे हात जोडले आणि ती पुढे गेली.

"आजींचा उपास कडक दिसतोय," मागून कोणीतरी म्हणालं. "मोदक बघायलाही चंद्रोदय लागतो!"

सगळे हसले, मीही हसलो. गाडीत बसल्यावर विचारलं, "काय झालं गं?"

"वरनं टाकलेलं मी घेत नाही."

तिच्या माहेरच्या गावात देवळाच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं. पुजारी वरून बत्तासे टाकायचा. एकदा तिचा झेल चुकला, बत्तासा मातीत पडला. तिच्या वडिलांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि तिच्या तोंडात घातला. "गोड लागला नाही," ती म्हणाली. तिने हे मला तोवर कधी सांगितलं नव्हतं.

"अगं पण हे व्हायरसमुळे आहे. सगळ्यांनाच तसं देतात."

"कळतंय की. डोक्याला कळतंय, हाताला कळत नाही. तुझ्या माणसांना विचार, दुसरी काही सोय होते का."

"कारण काय सांगू?"

"खरं ते सांग," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढची संकष्टी जवळ आली तशी तिने मी घरीच थांबते म्हणून सांगितलं. महिन्यातलं तिचं ते एकच बाहेर पडणं. मी दादांना फोन केला आणि म्हणालो, आईचे हात थरथरतात, पिशवी पडते.

"एवढंच ना? नो वरीज. तू मुलगाच आहेस, तिला हातात देत जा."

हे मी आईला आनंदाने सांगितलं. ती नातवाच्या झबल्याला बंद लावत होती. सुईत दोरा ओवून तिने तो माझ्यासमोर धरला. "कुणाचे हात थरथरतात?"

मी फोन खिशात टाकला.

"आणि मला एकटीला वेगळं नको. वेगळं कसं असतं ते मी बघितलंय."

त्या शनिवारी मी दादांबरोबर पार्कात फिरायला गेलो आणि सगळं सांगितलं. वडिलांच्या दुकानापासून.  हा माणूस उद्या माझ्याशी कसा वागेल, एवढंच डोक्यात होतं.

दादांनी चालण्याचा वेग वाढवला. मग म्हणाले, "मी लोकांच्या काळजीनं नियम केला, आणि तू त्यात जात आणलीस?"

"मी आणली नाही, दादा. आईला ती आठवली."

"आपल्यात असलं काही आहे का? देवाच्या दारात सगळे सारखे."

"नाही ना. मग टेबलावर मांडून ठेवू या. ज्यानं त्यानं उचलावं. त्यात हातही लागत नाही."

ते थांबले. "चालेल. पण कमिटीत हे कारण नको. रांग लवकर सरते असं सांगू. तुलाही उगाच त्रास नको."

मला बरं वाटलं, हे खरं आहे. त्यांना मला सांभाळायचं होतं की मंडळाला, हे त्या वेळी मी स्वतःला विचारलं नाही.

टेबलाचं ऐकून आई यायला तयार झाली. संकष्टीला टेबलावर पांढरी चादर घालून त्यावर ओळीने मोदकांच्या पिशव्या ठेवल्या होत्या. दादांनी माइकवरून सांगितलं, "रांग लवकर सरावी म्हणून नवीन व्यवस्था आहे. आपला आपला प्रसाद उचला."

आई रांग सोडून पुढे गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. मास्क असला तरी तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.

"माझ्यासाठी टेबल मांडलंत, बरं केलंत. आमच्या गावात आम्हाला वरनं टाकायचे. आमची जात चांभाराची. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुमची चूक नाही."

टाळ्या वाजवून मोकळे झालेले हात कुठे ठेवावेत हे कोणाला कळेना. एका बाईंनी पोराच्या मास्कची दोरी उगाच घट्ट केली.

दादा म्हणाले, "आजी, पहिला प्रसाद तुम्ही घ्या."

"नको, रांगेतनं येते." ती परत आपल्या पिवळ्या पट्टीवर जाऊन उभी राहिली. नंबर आल्यावर तिने पिशवी उचलली, कपाळाला लावली आणि पदराच्या गाठीत बांधली. चंद्रोदयाला अजून अवकाश होता.

नंतर कोणी आमच्याशी बोलणं सोडलं नाही. एका घरून मात्र हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. करोनामुळे असेल. तेव्हा न बोलावण्याला कारण सगळ्यांकडे तयारच असायचं.

दादांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण एकदा हॉलच्या खुर्च्या रचताना त्यांनी विचारलं, "वडिलांचं दुकान नेमकं कुठे होतं म्हणालास?"

"स्टँडसमोर. आता भाऊ बसतो तिथे."

"सीमा उघडू देत. भारतात गेलो की जाऊ तुझ्या घरी. आईंच्या हातचं जेवू."

हे ते मनापासून म्हणाले की रीत म्हणून, मला ठरवता येईना. घरी येऊन आईला सांगितलं. ती बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत होती.

"बोलवून बघ की," ती म्हणाली. "जेवायला बसले की कळेल."