बुढीच्या धानाची रात्र

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते खाट सरकवायचं. अंगणात ऊन सरकेल तशी बुढी खाट सरकवायला लावायची. मी कुरकुरलो की म्हणायची, "अजी, एवढा मोठा सूर्य सरकून राहिला, तुमालेच काऊन जोर येते?" त्याच दुपारी ती झोपेत गेली. बुढी म्हणजे माझी बायको. तरणी होती तेव्हापासून मी तिला बुढीच म्हणायचो.

मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही. पण ती सांगायची, "सूर्य धानाले पोसते, अन् रात्र त्याले वयात आणते." मी विचारलं, मग चांद काय करतो? "चांद पाहुणा आहे. उजेड देते, पंधरा दिवसांत आपल्या पायानं जाते."

गेल्या साली ग्रामपंचायतीने आमच्या धानाच्या बांधीशी, कडेच्या धुऱ्याला लागून मोठा दिवा लावला. तो जातच नव्हता. त्या बांधीत बुढीने माहेराहून आणलेला वासाचा भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान होता; ते बी आता आसपास कोणाकडे नाही. दिवाळीला बाकीच्या बांध्या पिवळ्या झाल्या आणि आमची गवतासारखी हिरवी, लोंबीच नाही. मी मूर्ख. खत कमी पडलं समजून युरिया फेकला. आणखी हिरवी झाली. दिव्यापासून लांबच्या कोपऱ्यात तेवढं पायलीभर बी मिळालं.

बुढी सरपंचाकडे गेली. "तुझ्या दिव्यानं माझ्या धानाले रात्रच होऊन नाही राहिली."

सरपंच हसला. "काकू, धानाले का डोळे आहेत?"

"तुले तरी कुठं आहेत?"

यंदा तीच पायली पेरली. हे हुकलं की बी संपलं. पोळा झाल्यावर तिने माझ्याकडून बांबू रोवून घेतले आणि दिव्याच्या बाजूला ताडपत्री बांधली. सांजेला ती सोडायची, सकाळी उन्हासाठी गुंडाळायची, एक दिवस खाडा नाही. रस्त्याने जाणारे विचारत, "काकू, धानाले मच्छरदाणी लावली का जी?"

"लावली. तुले पायजे का?"

कोजागिरीच्या सुमारास लोंब्या फुटल्या. जेवढी ताडपत्रीची सावली, तेवढाच धान लोंबला. सावलीबाहेर नुसता पाला. दोरी धरून आखल्यासारखी रेघ! सारा गाव धुऱ्यावर उभा. सरपंचही आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने दिव्याचं तोंड रस्त्याकडे फिरवून मागे टिनाचा पत्रा ठोकला. एवढ्या लोकांत बुढी छाती काढून उभी होती. मी तिला इतकी उंच कधी पाहिली नव्हती.

ती गेली तेव्हा तो धान कापणीला आला होता. सांजेला अग्नी दिला. सकाळी लोक अंगणात बसायला आले तर मी विळा घेऊन निघालो. भाऊ म्हणाला, "दादा, सुतक आहे. तेरवी तरी होऊ दे."

"दाणा झडून राहिला. तो तुझ्या तेरवीसाठी थांबते का?"

बांधीत उतरलो आणि कापायला लागलो. रडू आलं, पण हात चालूच ठेवला. ऊन वर आलं तेव्हा मान वर केली, तर दुसऱ्या टोकाकडून सरपंच कापत येत होता.

मी म्हटलं, "कापलेल्या मुठी हळू ठेव. बी आहे ते."