अर्बाबच्या डायमधली कड

ओमानमधल्या सहमला मच्छीबाजाराच्या मागच्या रस्त्यावर खल्फानचं वर्कशॉप आहे. शेतावरचे पंप, बोटींचे शाफ्ट, कुणाच्या गेटची बिजागरी, जे येईल ते तिथे दुरुस्त होतं. तिथल्या लेथवर तानाजी मांडवकर सव्वीस वर्षं उभा राहिला. संगमेश्वरकडचा माणूस, आयटीआयचा टर्नर. लोखंडावरून बोट फिरवून तो सांगायचा की इथे जरा भरलंय, तिथे खाल्लंय. मग मायक्रोमीटर लावून बघावं तर तेच निघायचं. वसईचा क्लेमेंट शेजारी वेल्डिंग करायचा. तो म्हणायचा, "मांडवकर, तुझं बोट कापून घे आणि कंपनीला विकून टाक. तू घरी बस."

अर्बाब, म्हणजे मालक, खल्फान सत्तरी ओलांडलेला, उंच, पांढऱ्या दाढीचा. तो वर्कशॉपच्या दारात आला की आपोआप मशीनं हळू व्हायची. एखाद्या मोठ्या नटाने नुसतं विंगेतून पाऊल टाकावं आणि सभागृह शांत व्हावं, तशी त्याची चाल. पण शुक्रवारी सकाळी हाच माणूस घरामागच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि खजुराचे पत्र्याचे डबे उघडायचा. डब्यांत असायच्या काडतुसं पुन्हा भरायच्या जुन्या डाय.

डाय म्हणजे अंगठ्याएवढं, कधी मुठीएवढं पोलादी नळकांडं, आत आरपार भोक. बंदूक उडाली की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. ती या भोकात दाबली की पुन्हा आपल्या मापात येते आणि नव्याने भरता येते. खल्फानकडे अशा चाळीसएक डाय होत्या. काही मत्रहच्या बाजारात मिळालेल्या, एक म्हाताऱ्या बलुची शिपायाने दिलेली, दोन इंग्लंडहून पोस्टाने मागवलेल्या. तानाजी दर शुक्रवारी जायचा, एकेक डाय पुसायचा, कुणाचे आटे गेले असतील तर दुरुस्त करून द्यायचा. मग दोघे कावा, तिथली बिनदुधाची कॉफी, प्यायचे, खजूर खायचे. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं अरबी, उरलेलं हातवाऱ्यांनी.

त्यातली एक डाय काळी, बिननावाची. खल्फानच्या बापाने आपल्या जुन्या बंदुकीसाठी ती स्वतः घासून घासून बनवली होती. घरात लग्न असलं की दुपारी पुरुषांचा तलवारींचा नाच व्हायचा, आणि त्याआधी घरातला वडीलधारा त्या बंदुकीचे तीन बार आकाशाकडे काढायचा. नुसत्या दारूचे, गोळी नसलेले. बापाने काढले, मग खल्फानने. बंदूक परवान्याची, पण तिची पुंगळी बाजारात मिळत नसे. आहेत त्याच वीसेक पुंगळ्या पुन्हा पुन्हा त्या काळ्या डायमधून काढायच्या.

मोठ्या नातवाचं लग्न ठरलं. खल्फानला खरेदीसाठी मस्कतला जायचं होतं. जाताना त्याने काळी डाय तानाजीच्या हातात दिली. "थोडा जंग है. सिर्फ तेल लगाना. लग्नाच्या सकाळी आपण दोघं भरू."

तानाजीने तेल लावलं. चिंधी फिरवली. मग सवयीने बोट आत घातलं, आणि तोंडापासून थोडं खाली त्याला एक कड लागली. केसाएवढी, पण गोल फिरलेली. टर्नरच्या बोटाला अशी कड म्हणजे दातात अडकलेला काटा. त्याला वाटलं, इतक्या वर्षांच्या वापराने आतून झिजून वर राहिलेला भाग असणार. नातवाच्या लग्नाला अर्बाबची डाय कशी आरशासारखी हवी. त्याने ती लेथवर पकडली, काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळला आणि पाऊण तास खपला.

"काय रे, नवरी नटवतोस काय?" क्लेमेंट म्हणाला.

"अर्बाबला आहेर माझ्याकडून."

बोट आता आत लोण्यासारखं सरकत होतं. काम सुरू करण्याआधी त्याने मापसुद्धा घेतलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचा जॉब असता तर पहिलं माप लिहिलं असतं. हा तर प्रेमाने केलेला.

लग्नाच्या सकाळी दोघे त्या खोलीत बसले. पहिली पुंगळी डायमध्ये घातली, तानाजीने प्रेसचा दांडा दाबला, आणि दांडा सहज खाली गेला. नेहमी तिथे जोर लागायचा. मधे एका जागी पुंगळी अडायची, मग पितळ दबल्याचा हलका आवाज यायचा. आज काहीच अडलं नाही. तानाजीचा हात दांड्यावरच राहिला. त्या क्षणी त्याला कळलं की ती कड झीज नव्हती. खल्फानच्या बापाने ती मुद्दाम ठेवली होती, त्या एकाच बंदुकीच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, पुंगळी बसावी म्हणून.

"मस्त चल रहा है," खल्फान म्हणाला.

तानाजीने मान हलवली. बोलायची वेळ ती होती. बाहेर पाहुणे येत होते, मोठी पातेली उतरत होती. त्याने मनाशी म्हटलं, बसेल, इतक्याने काय होतंय. पुंगळ्या बंदुकीत घालून पाहायची पद्धत त्या घरात नव्हती, कधी गरजच पडली नव्हती.

दुपारी मांडवासमोर रांगा लागल्या. खल्फान कमरेला खंजर लावून पुढे आला. पहिलं काडतूस अर्धं आत गेलं आणि थांबलं. त्याने अंगठ्याने दाबलं. काढलं, दुसरं घातलं. तेही तिथेच अडलं. तिसरंही अडलं, तेव्हा नवरा मुलगा जमिनीकडे बघत होता. खल्फानने बंदूक खांद्यावर टाकली, पाहुण्यांकडे वळला आणि हसला.

"बूढ़ी हो गयी. मेरे जैसी."

लोक हसले. दुसऱ्या कुणीतरी आपल्या बंदुकीने बार काढले आणि नाच सुरू झाला. तानाजी खजुराच्या ताटाशी उभा होता. त्याने तिथेच पुढे होऊन सांगितलं असतं, तर म्हाताऱ्याला स्वतःला बूढ़ा म्हणवून घ्यावं लागलं नसतं.

पुढच्या शुक्रवारी तानाजीने पोट दुखत असल्याचं कारण दिलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सोहारला जायचं आहे म्हणाला. मग खल्फानने विचारणं सोडलं.

गावी बायकोला, मंगलाला, त्याने फोनवर सगळं सांगितलं.

"अहो, मग जाऊन सांगा की. मारणार आहेत का ते?"

"बिघडलेला जॉब घेऊन मालकासमोर जायचं नसतं, मंगल. दुसरा तयार करून न्यायचा, मग सांगायचं."

"तुमचं आपलं काहीतरीच. माणूस काय जॉब आहे?"

पण तानाजी असंच शिकला होता. त्याने दुपारच्या सुट्टीत नवी डाय करायला घेतली. कड किती होती ते त्याच्या बोटाला आठवत होतं, आकड्यात नव्हतं. पहिली झाली, पटली नाही. दुसरी केली, तिसरी केली. खरं माप बंदुकीच्या घरातच होतं, आणि बंदूक मागायची म्हणजे आधी सांगायचं. असं करत दोन वर्षं गेली. साठी झाली, व्हिसा संपला, गुरुवारचं तिकीट निघालं.

मंगळवारी सकाळी तीनही डाय रुमालात बांधून तो खल्फानकडे गेला. बैठकीत शिरताच त्याला भिंतीवर बंदूक दिसली. पॉलिश केलेली, खाली दिवा लावलेला.

"नातवाला शोभेची पाहिजे होती," खल्फान म्हणाला. "मस्कतला नेऊन आतून बंद करून आणली. आता ती उडत नाही. चार महिने झाले."

तानाजी गालिच्यावर बसला. रुमाल सोडला. आणि लेथ, पॉलिश पेपर, आहेर, दांडा, सगळं सांगितलं, जमेल त्या हिंदीत. खल्फान ऐकत राहिला.

"मालूम था," तो म्हणाला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी बोट घातलं होतं."

"मग बोललात का नाही, अर्बाब?"

"बोलायचं तुझ्याकडे होतं. मी शुक्रवारी बसायचो. कावा करून ठेवायचो. मग एक दिवस करायचा बंद केला."

खल्फानने रुमालातली पहिली डाय उचलली, करंगळी आत फिरवली, खाली ठेवली. तिसरीही ठेवली. दुसरीत मात्र बोट थांबलं. त्याने डोळे मिटले, डाय हळूहळू फिरवली.

"ही... ही असेल," तो म्हणाला. "शायद."

दोघांनी भिंतीकडे पाहिलं. त्या बंदुकीच्या घरात आता पुंगळी घालून पाहता येणार नव्हती.

"चार महिने आधी आला असतास, तानाजी."

"हो अर्बाब."

खल्फानने बोट बाहेर काढलं नाही. डाव्या हाताने त्याने किटली उचलली, मग पेला उजव्या हातानेच द्यायचा असतो हे लक्षात येऊन डाय मांडीवर ठेवली आणि कावा ओतून पेला तानाजीला दिला. पुरे म्हणायचं असेल तर पेला थोडा हलवून परत द्यायचा, ही तिथली रीत. तानाजीने तो हलवला नाही. खल्फान ओतत राहिला, आणि दुपारच्या नमाजाची बांग होईपर्यंत दोघे तसेच बसले.