दूरच्या मामांची करसवलत

आमच्या दूरच्या मामांइतकं दूर राहणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नाही, असं निदान त्यांचं तरी ठाम मत होतं. नात्याने ते आईचे लांबचे चुलतभाऊ, नोकरीने सुरगाण्याच्या पलीकडे एका पाड्यावर मास्तर. मी पंचवटीत लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देतो, म्हणून दर जुलैत ते आमच्याकडे यायचे. पिशवीत कागदपत्रं कमी आणि पुरावे जास्त. पाण्याखाली गेलेल्या वाटेचे फोटो, अंगठा तुटलेली चप्पल, वहीत ओळीने चिकटवलेली एसटीची तिकिटं. "शहरातल्या माणसाला रस्ता, दिवे, दवाखाना. मला काय? नदी. मग कर सारखाच कसा?" असा त्यांचा सवाल.

"मामा, अशी सवलत तुम्हाला लागू होत नाही," मी दरवर्षी सांगायचो.

"मग अर्ज लिही."

अर्जाचा मजकूर त्यांचाच. 'अर्जदार इतक्या दुर्गम भागात राहतो की आपलं उत्तर त्याला मिळेल याची त्यालाच खात्री नाही,' अशी सुरुवात. वणीत घेतलेलं दही पाड्यावर पोचेपर्यंत ताक होतं, हेही त्यांनी एकदा लिहायला लावलं. अर्जाच्या प्रती जिल्ह्यातल्या दिसेल त्या कार्यालयाला जायच्या. मग चार-पाच दिवस मुक्काम. "नदी भरली असंल, निघता येत नाय," असं ते नाशिकच्या कोरड्या आभाळाकडे बघत म्हणायचे, आणि माझ्या मुलीला घेऊन पाढे म्हणायला बसायचे.

एके वर्षी खरंच उत्तर आलं. बांधकाम खात्यातल्या कुणा साहेबांनी अर्जासोबतचे फोटो नीट पाहिले होते. करात सूट मिळाली नाही, नदीवर पूल मंजूर झाला. मामा तणतणत आले. "मी सूट मागितली होती. पूल कोणी मागितला? आता कोणत्या तोंडानं दुर्गम म्हणू?" त्या दिवशी त्यांनी चहाही अर्धाच घेतला.

पूल झाला त्या पावसाळ्यात ते मोटारसायकलवर आले. पिशवीत फक्त कागदपत्रं. मी अर्जासाठी कोरा कागद काढला तर त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"मागच्या आठवड्यात पाड्यावरची एक पोर बाळंतपणात अडली होती," ते म्हणाले. "भर पावसात जीप दारापर्यंत आली. आधी झोळीत घालून न्यायचो आम्ही. दोघी वाटेतच गेल्या." त्यांनी विवरणपत्र स्वतःकडे ओढलं. "बाळ चांगलं हाय. सही कुठं करू, सांग."

अजूनही ते दर जुलैत येतात. पण चहा झाला की घड्याळ बघतात, "उजेडात पोचतो" म्हणतात आणि निघतात. आई सकाळी त्यांच्यासाठी गादी काढून ठेवते. संध्याकाळी घडी करून तीच परत कपाटावर ठेवते.