वकिलांच्या बादलीतला भीम

शेणावर एवढा जीव लावणारा माणूस आटपाडीत दुसरा झाला नाही, आणि हे मी सांगते, जिचा जन्म गोठ्यात गेला. बरं, हा माणूस शेतकरीही नव्हता. आमच्या शेजारचा वकील होता. अंगात काळा कोट, हातात झाकणाची बादली. कोर्टाच्या वाटेवर म्हशीनं शेणाचा पो टाकला की वकील तो उचलून घेत, घरी ठेवून येत आणि मगच न्यायाधीशासमोर उभे राहत. पक्षकार पेढे घेऊन आला तर आधी विचारत, घरी जनावरं किती? सांगलीच्या एसटीत शेजारी बसलेल्याला झाडं तोडण्याचे तोटे एवढे सांगत, की तो बिचारा दोन थांबे आधीच उतरे.

हे सगळं परसातल्या गोबरगॅसच्या खड्ड्यासाठी. सत्तरनंतरची वर्षं, रॉकेलला रांगा. वकील म्हणत, शेण जाळू नका. खड्ड्यात घाला, गॅसवर भाकरी भाजा आणि उरलेली मळी खत म्हणून रानाला घाला. "वहिनी, जमिनीचं जमिनीला परत गेलं तर नातवंडांची चूल पेटेल," असं मला ऐकवत. मी म्हणायची, आधी तुमची पेटू द्या. त्यांच्या एका गाईवर खड्डा भरत नव्हता. गल्ली शेण द्यायची, म्हणून चालायचं.

एका दिवाळीला घोटाळा झाला. आमच्याकडे दिवाळीत बायका दारात शेणाचे पांडव आणि गवळणी घालतात. गल्लीतलं सगळं शेण अंगणात जाऊन बसलं आणि खड्डा उपाशी राहिला. गॅसवर तरंगणारा लोखंडी टोप खाली बसला. पाडव्याला वकिलीणबाईंच्या करंज्या अर्ध्या तळून झाल्या आणि शेगडी विझली. ती गरीब बाई पहिल्यांदा बोलली. तुळशीच्या लग्नाचं गल्लीजेवण या शेगडीवर झालं नाही, तर खड्डा बुजवून त्यावर झेंडू लावीन. वकिलांचं तोंड उतरलं.

भाऊबीज झाली आणि ते बादली घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, सण झाला. पांडव द्या."

गल्ली हबकली. पुजलेले पांडव खड्ड्यात? माझी जाऊ म्हणाली, "वकिलाला बाधंल हे."

मी म्हणाले, "आगं, दरसाल वाळवून चुलीत जाळतो, तवा कुणाला बाधलं?"

माझ्या दोन म्हशी, म्हणून माझा भीम गल्लीत सगळ्यात मोठा. तो मी बादलीत ठेवला. वकिलांनी कोटाची बटणं लावली आणि त्याला हात जोडले. मग पाट्या भरभरून पांडव आले. जाऊ सगळ्यात शेवटी आली, पण आली.

तुळशीच्या लग्नापर्यंत टोप चांगला वर आला होता. भात झाला, आमटी झाली, शिरा झाला. निळा जाळ हलला नाही. गल्ली दोन पंगतींत जेवली. वकील शेगडीजवळ काळा कोट घालून उभे, जसा काही मोठा खटला जिंकलाय. शेवटच्या भाकरी मी थापल्या. इतकी वर्षं चुलीपुढे बसले, पण डोळ्यांना पदर न लावता उठले ती त्या दिवशी. वकिलीणबाईंनी झेंडूची रोपं आणूनच ठेवली होती. ती त्यांनी खड्ड्याच्या कडेनं लावली.

वकील गेले. खड्डाही बुजला. आता माझ्याकडे एकच म्हैस, पण भीम मी अजून मोठा घालते. भाऊबीज झाली तरी दोन दिवस तो दारातच ठेवते. सून विचारते, आता काढू का? मी म्हणते, राहू दे.