मामय्यांचा डोका

मामय्यांच्या तोंडावर अशी लाली असायची, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस नुकताच तालमीतून आलाय. प्रत्यक्षात ते मागाच्या खड्ड्यातून, पाय खाली सोडून दिवसभर विणून, आलेले असत. सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली हातमाग आणि वर दोन खोल्या. त्या खोल्यांत मी भाड्यानं राहत होतो. एकोणीसशे तीसच्या आसपासची ती वर्षं. करमाळा तालुक्यातून येऊन मी शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. माझी आई एकदा गावाहून आली, तिनं त्यांना पाहिलं आणि जिना चढता चढताच म्हणाली, "लई रक्त हाय बाबा त्या माणसाच्या अंगात. शंभरी गाठतोय बघ." गल्लीचंही तेच मत होतं. प्रकृती असावी तर मामय्यांसारखी.

मामय्या म्हणजे तेलुगूत मामा. त्यांची बायको अत्तम्मा. सगळी गल्ली त्यांना याच नावांनी हाक मारी, मीही मारू लागलो. अत्तम्मांना दोन्ही भाषा सारख्याच येत. मामय्या मात्र मराठी शिकले ते नवी पेठेतल्या कापडवाल्यांशी घासाघीस करताना, वयाच्या पंचविशीनंतर. त्यामुळे त्यांच्या मराठीत बायको पुल्लिंगी होती आणि माग स्त्रीलिंगी. "माझा बायको शहाणा आहे," ते म्हणत, "पण माझी माग त्याच्यापेक्षा शहाणी." संध्याकाळी माग थांबला की ते उंबऱ्यावर येऊन बसत. मी शाळेतून आलेला असे. "बसा की मास्तर, उभं राहून काय मिळतंय?" मग दिवेलागणीपर्यंत गप्पा. परक्या गावात माझं असं कुणी नव्हतं. ते मामय्या झाले.

सकाळी मात्र ते बोलत नसत. ओलं फडकं मानेपासून कपाळापर्यंत घट्ट बांधून मागावर बसत. "डोका आज मागनं धरलाय," एवढंच म्हणत. डोका का दुखतो याचं कारण त्यांच्यापाशी तयार होतं. "सोलापूरचं ऊन आहे मास्तर. रात्री ते कुठं जाईल? माणसाच्या डोक्यात झोपतं." हे वाक्य मी शाळेत दोघातिघांना सांगून हसवलंही. पण पौषात, अंगावर घोंगडी घ्यावी लागते तेव्हाही ते फडकं डोक्याला असायचं. तेव्हा कुठलं ऊन, हे कुणाच्या मनात आलं नाही.

अधूनमधून त्यांचा घोळणा फुटे. एकदा नाकातलं रक्त थेट मागावरच्या ताण्यावर, त्या पांढऱ्या उभ्या धाग्यांवर पडलं. अत्तम्मा कांदा फोडून धावल्या, शेजारणी सब्जा आणि गुलकंद घेऊन आल्या. मामय्या मान वर करून पडले होते, आणि खूश होते. "गेली उष्णता. आता डोका हलका." खरोखरच त्या दिवशी ते दुपारभर गाणं गुणगुणत विणत होते. त्यामुळे गल्लीत असं ठरून गेलं, की मामय्यांचं नाक फुटणं चांगलं.

पुढं त्यांचा माग मध्येच थांबू लागला. ते वाकत, हवेत चिमूट धरत आणि तुटलेला धागा सांधायला जात. तिथं धागा तुटलेला नसे. "आता होता की इथं. काळा धागा," ते म्हणत. ताणा तर पांढरा. अत्तम्मा हसायच्या, "म्हातारपण आलं," आणि त्यांच्याबरोबर आम्हीही हसायचो. माग थांबवून उंबऱ्यावर आले तरी ते विचारत, "मास्तर, कुणाची माग चालू आहे?" गल्लीतले सगळे माग बंद असत. जन्मभर खटखट ऐकलेल्या कानांत ती राहणारच, असं मी त्यांना समजावलं. मला ते फार पटण्यासारखं वाटलं होतं.

एका उन्हाळ्यात ते लोणच्याची बरणी घेऊन माझ्या खोलीकडे यायला निघाले आणि जिन्यात मध्यावरच बसले. दम इतका लागला होता, की बोलता येईना. बरणी त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं त्यांना एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मुंबईला शिकून नुकतेच आले होते. त्यांच्याकडे पाऱ्याची उभी नळी बसवलेली पेटी होती. त्यांनी मामय्यांच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरली, पाऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा भरली.

"डोकं दुखतं का? सकाळी, मागच्या बाजूला?"

"डोका तर असतेच की."

"नाकातून रक्त? डोळ्यांपुढे काळं काही येतं? कानात आवाज?"

मामय्या माझ्याकडे बघू लागले. ह्या माणसाला आपल्या घरातलं कुणी सांगितलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. प्रत्येक प्रश्नाला मीच "हो" म्हणत गेलो. ऊन, उष्णता, म्हातारपण, माग, अशी आम्ही वेगवेगळी नावं दिली होती. ते सगळं एकच होतं.

"रक्ताचा दाब फार वाढलाय," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ दिवसांचा असणार. यावर खात्रीचं औषध अजून नाही. विश्रांती घ्या. मीठ सोडा. माग बंद."

"माग बंद?" मामय्या म्हणाले. "मग हे पाय खड्ड्यातनं काढून ठेवू कुठं?"

मीठ त्यांनी सोडून पाहिलं. अत्तम्मांनी लोणच्याच्या बरण्या शेजारी नेऊन ठेवल्या. मामय्या मान खाली घालून जेवत. "बिनमिठाचा भात म्हणजे नुसता ताणा, बाणाच नाही," म्हणत. मागावर अर्धाच दिवस बसत, आणि दुपारी पडून छताकडे बघत. त्यांना आधीच तुमच्याकडे आणलं असतं तर, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काही वर्षं मिळाली असती कदाचित." त्यांनी दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं, असं मला वाटलं.

दसऱ्यानंतर एका सकाळी आडवा धागा नेणारा धोटा गेला तो परत आला नाही. मी खाली आलो तर मामय्या खड्ड्यातच बसलेले, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड वाकडं झालेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बरेच दिवस नुसतं घशातून काही येई. मग एका दुपारी अत्तम्मांचं रडणं ऐकून मी धावत खाली गेलो. त्या आनंदानं रडत होत्या. मामय्यांनी पाणी मागितलं होतं.

वाचा आली, पण ती तेलुगू आली. मराठी परत आलीच नाही. पंचविशीनंतर शिकलेली भाषा सगळीच्या सगळी पुसली गेली. माझं मराठी ऐकताना ते ओठांकडे बघत, जसं काही मी काचेपलीकडून बोलतोय. आणि इतकी वर्षं त्या घरात राहून मला तेलुगूतले चार शब्दसुद्धा येत नव्हते. लागलेच नव्हते कधी. अत्तम्मा मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगत, पण तशा गप्पा होत नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास एकदा मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. अत्तम्मा नळावर गेल्या होत्या. मामय्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सावकाश, शब्द जुळवत एक लांब वाक्य म्हटलं. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे तो प्रश्न होता. ते उत्तराची वाट बघत राहिले. मी म्हणालो, "हो, मामय्या," आणि जोरानं मान हलवली.

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्या प्रश्नाचं उत्तर "हो" नव्हतं, एवढं मला कळलं. अत्तम्मा आल्यावर त्यांना विचारायला सांगितलं, पण मामय्यांचा डोळा लागला होता. त्या आठवड्यातच ते गेले.