खाडीपलीकडची काठी

गुरुदासचा दिवस घड्याळावर सुरू होत नसे, भरतीवर होई. आज साडेतीनला उठला तर उद्या चार वीसला, चार दिवसांनी सातच्या सुमाराला. पाणी पुरतं चढायच्या अर्धा तास आधी होडी खांबाजवळ लागलेली हवी, हा त्याचा स्वतःचा नियम. कामाच्या कागदावर तो लिहिलेला नव्हता.

खांब खाडीत होता, बांधापासून वीस पावलांवर. त्यावर पत्र्याची पेटी. कुडाळच्या एमआयडीसीत मंगेश सामंत नावाच्या इंजिनीअरने दोन खोल्यांत छोटी कंपनी काढली होती, तिथे ही पेटी बनली. खाडीचं पाणी किती चढलं आणि त्यात खार किती, हे ती आपणहून नोंदवायची, आणि खारं पाणी शेतात शिरण्याआधी भोंगा वाजवायची. बनवायला पैसे दिल्लीच्या सरकारी खात्याने दिले होते. अट एकच. बारा महिने, दिवसातून दोनदा, माणसाने खांबावरची आकड्यांची पट्टी स्वतः बघून लिहायची आणि पेटीशी ताडायची. मे २००४ ते एप्रिल २००५.

"एक दिवस चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून, काका," मंगेशने सांगितलं होतं. "आणि पुन्हासाठी पैसे नाहीत."

महिना पंधराशे. गुरुदासने ते काम एका दारासाठी धरलं. बांधात उघाडी होती, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला ती उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीच्या दाबाने ती मिटते आणि खारं पाणी बाहेरच राहतं. सत्तावीस वर्षं त्या उघाडीची निगा त्याने राखली. नर्मदा, त्याची बायको, दोन वर्षांमागे गेली. पुढच्या पावसात झडप कुजून मोडली आणि दोघांनी मिळून कसलेल्या शेतात खार शिरला. बाकीच्यांनी बांधाआतली आपली शेतं कधीच सोडली होती. नव्या झडपेसाठी सरकारी कचेरीत दिलेला अर्ज कचेरीतच राहिला. सुताराने नव्या दाराचा जो आकडा सांगितला, तो बारा महिन्यांच्या मजुरीत बसत होता, घरातल्या भातावर आणि गळाच्या मासळीवर भागवलं तर. अकरा महिन्यांत बसत नव्हता.

पाऊसकाळ त्याने काढला. श्रावणात वारा इतका की होडी खांबाला दोन बाजूंनी बांधावी लागे. एकही नोंद चुकली नाही. आठव्या महिन्यात देवाने कौल दिला. गावपळण.

चार वर्षांनी एकदा गाव तीन दिवस रिकामा करायचा. माणसं, गुरं, कोंबडी सुद्धा शिवेबाहेर. आत थांबायचं नाही, पाऊल टाकायचं नाही. गुरुदासने मंगेशला फोन केला.

"तीन दिवसांचाच प्रश्न ना?" मंगेश म्हणाला. "तुम्हाला तिथीवरून भरती पाठ आहे. बसल्या जागी आकडे लिहा. कोणाला कळणार?"

"न बघता?"

"बघितल्यासारखेच येतील, काका."

"येतीत. पण बघूक नाय मा," गुरुदास म्हणाला आणि फोन ठेवला.

गावचा मान ज्याच्याकडे, त्या गावकार भाईकडे तो संध्याकाळी गेला. भाई अंगणात झावळं विणत होता, शिवेबाहेरच्या झोपडीसाठी.

"भाई, गावाची शीव खाडीत खंयसर?"

"अर्ध्यार. थंयसून पुढे पलीकडच्या गावाची. कित्याक?"

"मिया अर्ध्याच्या पलीकडे होडयेत रवलंय तर?"

"रव. पण रे मेल्या, सगळो गाव एका पंगतीत जेवतलो आणि तू एकटोच पाण्यात? गाव पळता तेव्हा पाणीय पळता काय?"

"पाणी पळणा नाय. म्हणान तर."

"आणि ती तुझी पेटी? ती शिवेच्या आत रवतली."

"ती जेवणा नाय, भाई. शिंकणा पण नाय."

भाई हसला. "मगे रवांदे."

पण अर्ध्या खाडीपलीकडून खांबावरची पट्टी वाचता येत नव्हती. मग गुरुदासने पोफळीचा सोट तासला, एका अंगाने सपाट केला, आणि शिवेपलीकडच्या चिखलात दीड पुरुष खोल ठोकला. होडीतून ठोकताना दर घावाला होडी मागे सरकायची. अर्धा दिवस गेला. आता या काठीवर खांबाचंच माप यायला हवं होतं. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ चढतही नाही, उतरतही नाही. पानाचा विडा चघळून होईल एवढाच तो वेळ. तेवढ्यात त्याने खांबावरचा आकडा वाचला, वल्हवत पलीकडे आला, पाणी जिथे टेकलं होतं तिथे कोयत्याने खाच पाडली, आणि परत जाऊन खांब पाहिला. आकडा तोच. खाचेच्या वर-खाली मोजपट्टीने खुणा केल्या. पुढच्या भरतीला सगळं पुन्हा केलं. एकदा जुळलं तर नशीब, दोनदा जुळलं तर माप.

गाव निघाला. गुरुदास पलीकडे नांगर टाकून बसला.

अष्टमीचे दिवस, भरती पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचनंतर. मधला सगळा दिवस मोकळा. समोर गाव दिसत होता. एका कौलावर धूर नाही, कोंबडा नाही, विहिरीवर रहाट नाही. माणसाला ते पाहून भय वाटावं. गुरुदासला ते नवं वाटलं नाही. त्याचं घर दोन वर्षं असंच होतं.

मागच्या गावपळणीत नर्मदा होती. झोपडीपुढे तिने तीन दगडांची चूल मांडली होती आणि शेजारच्या दोन घरांचाही भात उतरवला होता. आता झोपड्यांच्या बाजूने भजन ऐकू येत होतं, वारा फिरला की मासळी तळल्याचा वास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाई पलीकडच्या काठावर आला. हातात कोळंबीच्या कालवणाचा डबा.

"गुरुदास! सुंगटांचा तिखला हाडलंय. ये रे, दोन घास खा माणसांत."

"पाणी टेकता हा, भाई. अर्धो तास."

"अर्ध्या तासान सुंगटा गार होतली."

"होवंदे. ठेव थंय."

भाईने डबा दगडावर ठेवला. मग गेला. गुरुदासने आकडा लिहिला, तेव्हाच काठाला आला. तिखला गार झाला होता. त्याने डबा घासून तिथेच उपडा ठेवला.

तीन दिवसांच्या सहाही नोंदींपुढे त्याने लिहिलं : गावपळण. दुसरी काठी.

फेब्रुवारीत दिल्लीहून तपासणीला साहेब आले. पानं उलटता उलटता त्या सहा नोंदींपाशीच थांबले. मंगेशचा चेहरा उतरला. गावपळण म्हणजे काय, हे त्याने हिंदीत सांगितलं. साहेबांनी पेटीतले आकडे काढून सहाही नोंदी ताडल्या. सगळ्यांत मोठा फरक एक सेंटीमीटर.

"दुसऱ्या काठीची पातळी कुणी लावली, विचारतायत," मंगेश म्हणाला.

"पाण्यान," गुरुदास म्हणाला.

साहेबांनी ते समजून घेतलं, कागदावर एक ओळ लिहिली आणि सही केली.

एप्रिलअखेर बारा महिने भरले. पेटी पास झाली. मंगेशची दोन माणसं आली, पेटी उतरवून कुडाळला घेऊन गेली. जाड अहवाल छापला गेला. मंगेशने तो आणून दाखवला. आत गुरुदासचं नाव नव्हतं, 'स्थानिक निरीक्षक' एवढं होतं. तळाला बारीक अक्षरांत ओळ होती, ती मंगेशने वाचली : स्थानिक प्रथेमुळे तीन दिवस पर्यायी पट्टी.

"आता अशा शंभर पेट्या करायच्या आहेत. दुसऱ्या टप्प्याचे पैसे आले की येतो, काका," मंगेश म्हणाला.

पैसे आले नाहीत. मंगेशही आला नाही. खांबावर पाणकावळे बसू लागले.

गुरुदासला जाग मात्र भरतीच्याच वेळेला येत राहिली. अंधारात उठून बसायचा, कुठे जायचं नाही हे आठवायचं, आणि उजाडेपर्यंत तसाच बसायचा.

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, त्याने उघाडीला नवं दार बसवलं. ऐनाच्या चार जाड फळ्या, लोखंडी बिजागऱ्या, बोल्ट, दोन हात डांबर आणि सुताराचे तीन दिवस. भोवतीचा चिखल त्याने स्वतः चोपला. बारा महिन्यांची मजुरी त्यात गेली.